कुंकू लावलेली ओळ

॥ श्री ॥
अमरावती
१२ जून १९४३

चि. जगदेव यास गुणवंतचे अ. उ. आ. वि. वि.

सर्व्हिस मोटारीने पाठवलेली वांगी पोचली. तुझ्या बहिणीने भरीत केले आणि वाढताना म्हणाली की माझ्या भावापेक्षा वाशीमची वांगीच बरी, महिन्याला एकदा तोंड तरी दाखवतात. तिला दोन ओळी लिहीत जा. चष्मा बदलल्यापासून तुझे अक्षर तिला लागते, त्यामुळे माझ्याकडून वाचून घेण्याची वेळ आता येत नाही.

आता कामाचे. मुलांसाठी इंग्रजी शब्दांचे जे लहान पुस्तक करतो आहे, त्याचे पहिले अक्षर संपत आले. लढाईमुळे कागद मिळत नाही, म्हणून छापखानेवाल्याने शब्दाला एक अर्थ आणि एक उदाहरण एवढीच जागा दिली आहे. ‘अ‍ॅश्युअर’वर मी चार दिवस अडून बसलो आहे. खात्री देणे, भरवसा देणे, आश्वासन देणे, निर्धास्त करणे, असे चार अर्थ लिहिले आणि चारही खोडले. खात्री देणाऱ्याला काही ठाऊक असावे लागते. भरवसा द्यायला नुसते चांगले मन असले तरी भागते. मग इंग्रज माणूस हा शब्द उच्चारतो तेव्हा यांतले काय देतो?

तू वीस वर्षे इंग्रजी शिकवतो आहेस. मला एक अर्थ आणि एक उदाहरण पाठव. उदाहरण घरातले, बाजारातले असावे; राजा आणि प्रधान नकोत. मुंगी ओलांडली तरी डायरीत नोंद करणारा माणूस तू, एक वाक्य सापडेलच.

सोजर आशीर्वाद सांगते. आमच्यावरची माया आहे तशी ठेव.

तुझा
गुणवंत


॥ श्री ॥
वाशीम
२० जून १९४३

ती. स्व. भाऊजींच्या सेवेशी जगदेवचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पावले. अक्काला नमस्कार, आणि पुढच्या खेपेस वांग्यांबरोबर दोन ओळीही येतील असे सांगावे.

भाऊजी, उदाहरण आहे. पण ते मुलांच्या पुस्तकात घालता येणार नाही. गेले वर्षभर मी ते कोणाला सांगितलेले नाही. ज्या दिवशी घडले त्या दिवशी डायरीतही खोटेच लिहिले, की आज पुंजाजीचे पत्र वाचून दिले, म्हातारीस धीर आला.

ही वांगी ज्याच्या मळ्यातली, तो पुंजाजी माळी आपण पाहिला आहे. मागच्या दिवाळीत आपल्याला उसाच्या कांड्या सोलून देणारा तोच. त्याचा एकुलता मुलगा रामधन अकोल्याला मोटार चालवायला शिकला आणि लष्करात ड्रायव्हर झाला. एक्केचाळीसच्या पावसाळ्यात त्याला सिंगापूरकडे नेले. घरात पुंजाजी, त्याची बायको गोजराबाई आणि रामधनची बायको कस्तुरा. कस्तुराचे वय अठरा-एकोणीस. मूलबाळ नाही.

या लोकांची एक रीत आहे. बाजाराच्या दिवशी माळवे विकून झाले, की आलेला कागद घेऊन ते माझ्या ओसरीवर येतात. मी वाचतो, ते ऐकतात, जाताना कोथिंबिरीची, म्हणजे त्यांच्या सांबाराची, जुडी ठेवतात. गेल्या वर्षी जून महिन्यात असेच तिघे आले. लष्करी कचेरीचे इंग्रजी पत्र होते. त्याचे मराठी आपल्यासाठी जसेच्या तसे करतो:

‘आपला मुलगा सिंगापूर पडल्यापासून बेपत्ता आहे. तो जिवंत असल्याची खात्री मी आपणांस देऊ शकत नाही. त्याचा शोध चालू आहे एवढीच खात्री देतो.’

एवढेच, आणि खाली सही. मी ते मनात वाचले. वर पाहिले तर गोजराबाईने रिकामी टोपली पोटाशी धरली होती आणि ती माझ्या ओठांकडे बघत होती. मी पहिली ओळ सांगितली. दुसरी सांगायला तोंड उघडले आणि म्हणालो, साहेब खात्री देतात, मुलगा सापडेल.

मी चुकून म्हणालो नाही, भाऊजी. शब्दाचा अर्थ मला पक्का ठाऊक होता. त्या क्षणी ती टोपली मला बघवेना, एवढेच. ती दया होती की माझ्या ओसरीवर रडारड नको हा स्वार्थ, हे मी वर्षभर तपासतो आहे. दोन्ही होते असे वाटते.

गोजराबाईने विचारले, तो शब्द कुठे लिहिला आहे. मी बोट ठेवले. तिने घरी जाऊन त्या जागी हळदकुंकू लावले आणि कागद देवापुढे ठेवला. तेव्हापासून दर अमावास्येला त्या ओळीला कुंकू लागते.

आता का सांगतो ते ऐका. कस्तुराचा भाऊ उकंडराव इकडच्या मालेगावजवळ राहतो. तिथल्या एका बागायतदाराची बायको गेली आहे. माणूस शांत, दारू नाही, आणि कस्तुराशी पाट लावायला तयार आहे. यांच्यात बाईचे दुसरे लग्न पंचांच्या संमतीने होते, त्यात कमीपणा नाही. पण नवरा जिवंत असेपर्यंत पाट नाही. उकंडराव म्हणतो, दीड वर्ष चिठ्ठी नाही, माणूस गेला. पुंजाजी म्हणतो, साहेबाने खात्री दिली आहे, जित्या माणसाची बायको कशी देऊ. शेवटी पंच बसायचे ठरले, आणि दोघांनीही एकच साक्षीदार नेमला आहे. मी कागद घेऊन पंचांपुढे वाचायचा.

आषाढ संपता संपता बैठक आहे. मी काय करावे ते कळवावे. अक्काला हे वाचून दाखवू नये, आणि माझ्याविषयी मन कडू करू नये.

आपला
जगदेव


॥ श्री ॥
अमरावती
२८ जून १९४३

चि. जगदेव यास अ. उ. आ.

तुझे पत्र सोजरने माझ्या आधी वाचले. अक्षर लागते हे तुला कळवण्यात माझीच चूक झाली. संध्याकाळी एवढेच म्हणाली की जगदेव लहानपणी मेलेल्या वासराबद्दलही आईला झोपले आहे असेच सांगायचा, आणि आई त्याच्यासाठी गवत बाजूला ठेवायची.

मी उपदेश करणार नाही. शब्दापुरते बोलतो, कारण मला तेवढेच येते. खात्री देणारा माणूस स्वतःला गहाण टाकतो. साहेबाने ते ओळखले होते, म्हणून जेवढे त्याच्या हातात होते तेवढ्याचीच दिली, शोधाची. जीव त्याच्या हातात नव्हता. तू मात्र साहेबाच्या नावावर जिवाचीच खात्री देऊन बसलास. गहाण तू पडायला हवे होतेस, पण पडली ती पोर.

मुलगा मेला असेही आपल्याला ठाऊक नाही, हे विसरू नको. जपान्यांच्या कैदेतून वर्ष-वर्षभराने कार्डे आली आहेत. म्हणून पंचांपुढे मेला म्हणू नको, जिवंत म्हणू नको. कागदावर आहे तेवढे वाच. आणि पहिल्या वेळी मी पदरचे घातले होते, हे तोंडाने सांग. दुसरे वाक्य पहिल्यापेक्षा अवघड जाईल. ते गाळलेस तर पहिले वाचून उपयोग नाही.

पंच ज्या दिवशी बसतील त्या दिवशी सोजर उपास करणार आहे. कोणासाठी ते तिने सांगितले नाही. धीर सोडू नको, आणि आम्हांला दूरचे समजू नको.

तुझा
गुणवंत


॥ श्री ॥
वाशीम
४ ऑगस्ट १९४३

ती. स्व. भाऊजींस जगदेवचा शि. सा. न. वि. वि.

पंच परवा बसले. अक्काचा उपास वाया गेला.

मळ्यातल्या विहिरीजवळ घोंगड्या टाकल्या होत्या. पाच पंच, उकंडराव आणि त्याच्याबरोबरचे दोघे, इकडे पुंजाजी. बाया मोटेच्या थारोळ्यापाशी बसल्या होत्या. गोजराबाईने कागद तांब्याच्या ताटलीतून आणला. मधली ओळ कुंकवाने इतकी भरली होती की अक्षरे दिसत नव्हती, पण मला ती पाठ होती.

बेपत्ता आहे, हे मी वाचले. शोध चालू आहे, तेही वाचले. मग पंचांतला म्हातारा म्हणाला, मास्तर, ते खात्रीचं काय ते नीट सांगा. सगळे माझ्याकडे बघू लागले. गोजराबाई तर हसत होती, भाऊजी. आपलाच माणूस साक्षीला उभा आहे अशी हसत होती.

मी काय केले ते लिहायला लाज वाटते. मी त्यांना इंग्रजी शिकवले. हा शब्द मोठा लवचीक आहे, साहेब लोक तो अनेक प्रकारे वापरतात, त्यात भरवसाही येतो, धीरही येतो, अगदी पक्के असे काही म्हणता येत नाही, असे बोलत गेलो. आपण चार दिवस ज्या चार अर्थांशी झगडलात ते चारही मी त्यांच्यापुढे मांडले. दर शब्दाला ते माना डोलावत होते. पदरचे घातले होते, हे मी म्हणालो नाही.

उकंडराव उठला आणि म्हणाला, मास्तर, तुमचं बोलनं म्हंजे भोकाची चाळनी, पानी पन जाते अन् पीठ पन जाते. लोक हसले. मीही हसल्यासारखे केले. पंचांनी आपसात विचार केला आणि सांगितले की साहेबाच्या शब्दात भरवसा येतो असे मास्तर म्हणतात, तेव्हा लढाई संपेपर्यंत पाट नाही. उकंडरावने पागोटे उचलले, बहिणीकडे न बघता गाडी जुंपली. मालेगावच्या माणसाला तो शब्द देऊन आला होता. तो आता दुसरीकडे पाहील.

काल बाजार होता. कस्तुरा एकटीच ओसरीवर आली. माझ्यासमोर ती तोवर एक शब्द बोललेली नव्हती. टोपली खाली ठेवली नाही, बसली नाही. विचारले, “मास्तर, ते चार मानसात नोका सांगू. मले सांगा. जिता हाये का नाई?”

मी म्हणालो, मला ठाऊक नाही.

तिने टोपली कमरेवरून डोक्यावर घेतली. मग म्हणाली, “हे तवाच म्हनले असते तं काय बिघडलं असतं?” आणि गेली. उत्तरासाठी थांबलीसुद्धा नाही.

भाऊजी, मला ठाऊक नाही. एवढेच वाक्य होते. मी ते वर्षभर कुठे शोधत होतो? माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला ते सर्वांत जड जाते, असे आज डायरीत लिहिले आणि लगेच खोडले, कारण त्यातही मी स्वतःला शिकलेला म्हणवून घेतले होते.

अक्काला म्हणावे, उपास सोड. मी रागावण्याच्या लायक आहे. तरी पत्र बंद करू नका.

आपला
जगदेव


॥ श्री ॥
अमरावती
१९ जानेवारी १९४४

चि. जगदेव यास आशीर्वाद.

पुस्तक छापून आले. एक प्रत सोबत आहे. कागद इतका हलका लागला आहे की मागच्या पानावरचा शब्द पुढच्या पानावर दिसतो.

तुझ्या ऑगस्टच्या पत्राला मी उत्तर दिले नाही. तीनदा लिहायला बसलो. रागावलो होतो, ते खरे. मग लक्षात आले की चार अर्थ मीच तुझ्या हाती दिले होते. मी ते कागदावर खोडले, तू पंचांपुढे वापरलेस. ‘अ‍ॅश्युअर’पुढे ‘खात्री देणे’ एवढाच अर्थ ठेवला आहे. उदाहरणाची जागा कोरी सोडली. छापखानेवाला कुरकुरला, म्हणाला मुले विचारतील. मी म्हटले, विचारू दे.

ती पोर कशी आहे? आपण होऊन त्यांच्याकडे जा. ते येण्याची वाट बघू नको. सोजर तुला विसरलेली नाही. तूही आम्हांला विसरू नको.

तुझा
गुणवंत


मु. पुंजाजीचा मळा, वाशीम
२ डिसेंबर १९४५

मास्तरांस कस्तुराचा रामराम.

हे पत्र गावातल्या शाळेच्या गुरुजीकडून लिहून घेऊन राह्यली. त्याईले सांगतलं का मी म्हनतो तसंच लिवा, पदरचं काई घालू नोका.

तुमी दोन सालापासून चार-सा खेप मळ्यात आले, मी पानी देल्लं, बोलली नाई. तुमच्या ओसरीवर चढाचं नाई असं मी ठरवलं व्हतं. म्हनून कागद धाडतो.

पोहरादेवीकडचा हेमसिंग म्हनून एक मानूस लढाईतून वापस आला. आमच्या ह्याईच्या मोटारीवर त्याच्याच संगं व्हता. आमचं नाव पुसत पुसत तो पाच दिवसामागं मळ्यात आला. त्यानं सांगतलं का सिंगापूर पडाच्या दोन दिवस आंधी बाँब पडला, अन् हे तवाच गेले. त्यानं सोताच्या हातानं माती देल्ली. म्हंजे तुमी कागद वाचला तवा ते जाऊन चार महिने झाले व्हते.

मामाजी आयकून भिताडाले टेकून बसले. त्याईनं मानलं. सासूबाई मानत नाई. हेमसिंगले म्हने, तू दुसऱ्या कोनाले पाह्यलं असन. साहेबाची खात्री हाये माह्यापाशी. त्याले जेवू घातलं अन् वाटेले लावलं. रोज सांजी रस्त्याकडं तोंड करून बसते. काल म्हने, मास्तर येऊन सांगन तं मानीन, दुसऱ्या कोनाचं नाई.

मालेगावच्या त्या मानसाले आता दोन लेकरं हायेत. माहा भाऊ येत नाई. मले आता कोनी पुसत नाई, अन् मलेही आता कुठं जाऊ वाटत नाई, म्हातारीले कोन पाहीन. हे तुमाले बोल लावाले लिवत नाई. गुरुजी म्हनते, हे वाक्य लिवू का? मी म्हटलं, लिवा, खरं हाये.

तुमी या. पन येसान तं पक्कं सांगाले या. अर्धं सांगाचं असन तं येऊ नोका.

बाकी ठीक. घरी बाईले रामराम सांगा.

कस्तुरा


॥ श्री ॥
वाशीम
११ डिसेंबर १९४५

ती. स्व. भाऊजींच्या व ती. अक्काच्या चरणी जगदेवचा शि. सा. न. वि. वि.

कस्तुराचे पत्र यासोबत आहे. ते वाचून मग हे वाचावे.

मी लगेच मळ्यात गेलो नाही. आधी पोहरादेवीकडे गेलो. हेमसिंगच्या तांड्यावर दोन दिवस राहिलो. पुन्हा ऐकीव गोष्टीवर मी कोणाला काही सांगणार नव्हतो. त्याला मी एकच गोष्ट पाच वेळा विचारली, ओळखलेस कशावरून. तो कंटाळून म्हणाला, गुरुजी, भरतीपासून दीड वर्ष एका ताटात जेवलो. रामधनच्या उजव्या हाताच्या करंगळीचे नख मोटेच्या दोरात, सोंदुरात, सापडून गेले होते, हेही त्याने सांगितले. ते मला ठाऊक नव्हते. परत येऊन पुंजाजीला विचारले. तो म्हणाला, हो, दहा वर्षांचा असताना.

मग गोजराबाईपुढे बसलो. ती वांगी निवडत होती. कस्तुरा दारात उभी होती.

मी म्हणालो, गोजराबाई, रामधन गेला. हे मी पाहिलेले नाही. हेमसिंगने पाहिले आणि मी त्याला तपासले. मग मी आपण दोन वर्षांपूर्वी सांगितलेले दुसरे वाक्य बोललो. साहेबाने खात्री दिली नव्हती. ती मी पदरची घातली होती. पंचांपुढेही मी लपवले.

तिने वांगी निवडायचे थांबवले नाही. किडकी एकीकडे, चांगली एकीकडे. वांगी संपल्यावर कस्तुराला म्हणाली, तो कागद आन. कस्तुराने ताटली आणली. कुंकवाने मधली ओळ इतकी खाल्ली आहे की तिथे कागदाला भोक पडले आहे. तिने कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “वाचा. वरपासून.”

भाऊजी, साडेतीन वर्षांत ते पत्र मी पहिल्यांदा मोठ्याने पुरते वाचले. तारीख वाचली. बेपत्ता वाचले. जिथे भोक होते तिथली ओळ पाठ म्हटली, की तो जिवंत असल्याची खात्री मी आपणांस देऊ शकत नाही. शोधाची ओळ वाचली. साहेबाची सही वाचली. तिने विचारले, सायेब एवढंच म्हने? मी म्हणालो, एवढंच. तेव्हा ती म्हणाली, मंग सायेब चांगला मानूस व्हता.

भिंतीकडे तोंड करून बसलेला पुंजाजी तिथेच रडू लागला. ती रडली नाही. कस्तुराकडे बघून एवढेच म्हणाली, पोरी, तुही तीन सालं गेली. कस्तुराने दारातून उत्तर दिले, की तुमचीबी गेली. मग आत जाऊन तिने चुलीवर पाणी ठेवले. सुतकाच्या आंघोळीचे ते पाणी होते. जवळजवळ चार वर्षे उशिरा.

मी कागद परत ताटलीत ठेवू लागलो. गोजराबाईने ताटली मागे ओढली.

“हे तुमच्यापाशी ठेवा, मास्तर. तुमचं हाये. आमचं नोतं कदी.”

निघताना तिने सवयीने सांबाराची जुडी पुढे केली. मी घेतली नाही, तर म्हणाली, घ्या, वाचनाची हाये.

कागद आता माझ्या डायरीत आहे, ज्या दिवशी म्हातारीस धीर आला असे लिहिले त्या पानावर. कुंकू त्या पानाला लागले आहे आणि ‘धीर’ हा शब्द आता वाचता येत नाही. आपल्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तर ती जागा कोरीच राहू द्यावी.

अक्काने वासराची गोष्ट आठवली होती. तिला सांगावे की आईला गवत बाजूला ठेवताना मी पाहत असे आणि तरीही बोलत नसे. हे तिला ठाऊक नसेल.

एवढे कळूनही आपण दोघांनी मला आपला म्हणावे, असे मागायला जीभ रेटत नाही. तरी मागतो.

आपला
जगदेव